पकडीला पंचामृत

माझ्या नवऱ्याने एका पकडीला पंचामृताने आंघोळ घातली, हे आधीच सांगून टाकते. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. गावाने हसून घेतलं, मीही घेतलं. पण ती पक्कड आमच्या घरात कशी आली आणि तिच्यापायी माझा जीव किती दिवस टांगणीला लागला होता, ते ऐकल्यावर कदाचित कोणी हसणार नाही.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याला लागून आहे. नवऱ्याचं नाव दगडोबा, आणि नाव ठेवणाऱ्याला माणसाची पारख होती, हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. एकदा बसले की हलत नाहीत, एकदा गप्प झाले की बोलत नाहीत. पाण्यावर मात्र हा माणूस निराळाच. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून लांब दोरीला चाळीस-पन्नास गळ लावायचे, आणि सकाळी दोरी वर घेत एकेक मासा सोडवायचा, हे त्यांचं पंचवीस वर्षांचं काम. ते मासे मी औंढ्याच्या बाजारात नेऊन विकते. मासे त्यांचे आणि तोंड माझं, असा आमचा संसार चालला होता.

मागच्या होळीच्या सुमारास एका शिंगटाने त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीत काटा घुसवला. शिंगट म्हणजे मिशांचा मासा, त्याच्या गालामागे दोन कडक काटे असतात. असे काटे त्यांना शंभरदा लागले असतील. नेहमीसारखं त्यांनी हळद-मीठ दाबलं, वर चिंधी बांधली आणि "हुईल बराबर" म्हणून सोडून दिलं. मी दवाखान्यात चला म्हणाले तर माझ्यावरच डोळे वटारले. आठव्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला आणि नांदेडला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. हात राहिला, जीव राहिला. त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण बोटं उघडणाऱ्या शिरा कामातून गेल्या. मूठ वळते, तिच्यात जोरही आहे, फक्त ती उघडत नाही. डाव्या हाताने एकेक बोट सरळ करावं लागतं.

आता मासा सोडवायचा म्हणजे एका हातात तो घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्या जबड्यातला गळ फिरवून काढायचा. एक हात मिटलेलाच राहिला तर काम कसं व्हावं? म्हणून तराफ्यावर त्यांच्यासमोर मी जाऊन बसायला लागले. मला पोहता येत नाही आणि मला पाण्याची भीती वाटते, या दोन्ही गोष्टी मी लग्नाआधीच सांगितल्या होत्या. दोघांच्या वजनाने तराफा एका कोपऱ्याने पाण्यात जायचा आणि मी डोळे मिटून गळ काढायची. किनाऱ्याला येऊन बाजार गाठेपर्यंत ऊन चढायचं, आणि गिऱ्हाईक मासा हुंगून पुढे जायचं.

श्रावणात एक दिवस ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहतो. माझा मला गळ सोडवता आला तर ठीक. न्हाई तर तराफा भाच्याला देऊन टाकतो."

"आन मंग काय करता?" मी विचारलं.

"बसतो."

मला त्या एका शब्दाची धास्ती बसली. हा माणूस एकदा बसला की उठायचा नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

पकडीची कल्पना माझीच, बोटांऐवजी तिने गळ धरून काढायचा. गावातल्या दुकानातून मी काळी लोखंडी पक्कड आणली. ती दाबली की मिटायची, पण उघडायला डावा हात लागायचा, आणि डाव्या हातात तर मासा. मग औंढ्याच्या बाजारात एका गाडीवर स्प्रिंगची पक्कड मिळाली. दाबून सोडली की आपोआप उघडणारी. त्या दिवशी घरी येताना मी वाटेत एकटीच हसत होते. पंधरा दिवसांत ती स्प्रिंग गंजून तांबडी झाली आणि पक्कड करकर वाजायला लागली. यांनी तिला रोज करडईचं तेल पाजलं. तेलाने ती आणखीच चिकटली. तरी हे पाजतच राहिले.

करुणाताई भेटली ती या गंजक्या पकडीमुळेच. ती माझी जुनी गिऱ्हाईक. तालुक्याच्या दवाखान्यातून निवृत्त होऊन औंढ्यातच राहते. सगळे तिला सिस्टर म्हणतात आणि ती प्रत्येकाला सांगते, "मी सिस्टर नव्हते. ऑपरेशनची औजारं धुवायला होते." त्या दिवशी ती मासे घ्यायला आली आणि माझ्या पिशवीतली पक्कड तिच्या नजरेस पडली. तिने ती दोन बोटांनी उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी.

"हे काय करून ठेवलं, शालूबाई?"

"लई वंगाळ माल निघाला, ताई."

"मालाचं ऱ्हाऊ द्या. ही ठेवता कुठं?"

मी पिशवी दाखवली. त्यात माशांना चोळायचं मीठ होतं, हळद होती, जखमेला लावायची डबी होती आणि त्यातच ही ओली पक्कड. ताईने कपाळावर हात मारला. "गोड्या पाण्यातल्या माणसानं औजार मिठात मुरवून ठेवलं! लोणचं घालता का काय तिचं?"

मग मी तिला सगळं सांगितलं, हाताचं, दिवाळीचं, आणि "बसतो" म्हणाले तेही. ती हसायची थांबली. तिने माशांची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "मंगळवारी हिंगोलीला जाऊ. दगडोबा भाऊंला घेऊन या. त्यायच्या हाताबगर खरेदी व्हायची न्हाई."

हिंगोलीच्या दुकानदाराने आमच्यापुढे चार पकडी मांडल्या. त्यातली सगळ्यात चकचकीत उचलून त्याने तिला चुंबक लावून दाखवलं. "देखो, चिपकताच नहीं. असली स्टेनलेस."

ताईने ती हातात घेतली, चोच एका खिळ्याला लावून पिळली. चोचीचं टोक वाकडं झालं. दुकानदाराचा चेहराही तसाच झाला.

"मऊ हाय ही," ताई म्हणाली. "आमच्या दवाखान्यातल्या कात्र्यांला चुंबक लागायचं, भाऊ. आन त्या वीस-वीस वर्सं चालल्या. चुंबकाला काय इचारता? अन् ह्या दुसरीची स्प्रिंग पाहा. अंग स्टीलचं, स्प्रिंग लोखंडाची. पह्यला गंज तिलाच चढतो."

तिने उरलेल्या दोन्ही मिटवून उजेडासमोर धरल्या. एकीच्या चोचीतून उजेड दिसत होता, ती बाजूला गेली. दुसरीची टोकं गच्च बसत होती, स्प्रिंग अंगासारखीच पांढरी होती आणि दांड्याला दोरी ओवायला भोकही होतं. ती तिने यांच्या उजव्या हातात दिली.

"दाबा. सोडा. पुन्हा दाबा. मला नका इचारू, हाताला इचारा."

यांनी दाबली, सोडली. पकडीने त्यांची मूठ उघडली. पुन्हा दाबली, पुन्हा उघडली. वीस-पंचवीस वेळा झालं असेल. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली तरी हे आपले दाबतायत आणि सोडतायत. सहा महिन्यांनी त्यांचा उजवा हात डाव्याच्या मदतीशिवाय उघडत होता. मी पाठ फिरवून रंगाचे डबे बघत बसले, कारण दुकानात रडायची मला लाज वाटते.

पक्कड कशी सांभाळायची तेही ताईने शिकवलं. काम झालं की स्वच्छ पाण्यात धुवायची. सांध्यात जुन्या ब्रशने घासायचं, कारण माशाचा बुळबुळीतपणा तिथेच बसतो. झटकायची, पुसायची आणि तोंड उघडं ठेवून वाळवायची. मग सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दहा वेळा उघडमीट आणि वरचं तेल पुसून टाकायचं. करडईचं तेल वाळलं की डिंकासारखं होतं, ते औजाराला लावायचं नाही. आणि मिठाची पिशवी चार हात लांब.

गंमत अशी की वर्षाला दहा वाक्यं बोलणारा हा माणूस ताईला प्रश्न विचारायला लागला. तोंड उघडं काहून ठेवायचं? मिटलेल्या सांध्यात पाणी राहतं म्हणून. सावलीत ठेवू का उन्हात? एकच थेंब काहून, दोन काहून नाही? फोन लावून विचारायचे आणि ताई न कंटाळता सांगायची. मला वाटायचं, बिचारीला आपण किती त्रास देतोय. एकदा मी माफी मागितली तर ती म्हणाली, "तकलीफ कायची? इचारू द्या त्यायला."

तराफ्यावर मी अजून समोर बसत होते, पण हात बांधून. पहिल्या आठवड्यात दहातले तीन मासे त्यांनी स्वतः सोडवले. बाकीचे निसटले, आणि त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे सांगणार नाही. नवरात्र बसलं तेव्हा दहातले नऊ सुटायला लागले. "दसरा झाला की एकला जातो," त्यांनी सांगितलं, आणि त्या रात्री मला कितीतरी महिन्यांनी गाढ झोप लागली.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी घरोघरी औजारांची पूजा होते. शेतकरी विळा-कोयता मांडतो, आम्ही जाळं, दोऱ्या, वल्हं मांडतो, आणि दसरा होईपर्यंत त्यांना हात लावत नाही. यंदा यांनी पाट मांडला आणि मधोमध पक्कड ठेवली.

"हिनं मला हात दिला," ते म्हणाले. "हिची पूजा साधी न्हाई करायची. पंचामृत कालव."

आणि मी कालवलं! दूध, दही, तूप, मध, साखर, मीच कालवलं. पकडीला कोणी पंचामृत घालतं का, असं एका शब्दाने म्हणाले नाही. तेव्हा माझंही मन भरून आलं होतं. यांनी चमच्या-चमच्याने ते तिच्यावर सोडलं, वरून पाणी घातलं, सांध्यात हळद-कुंकू दाबून भरलं, देवाला लावतात तसं करडईच्या तेलाचं बोट फिरवलं आणि तोंड मिटवून ओल्या अंगानेच तिला नव्या लाल कापडात गुंडाळलं. ताईने शिकवलेलं एकूण एक आम्ही उलटं केलं, तेही हात जोडून.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी कापड सोडलं. पक्कड मिटलेली. दाबली, सोडली, तरी मिटलेलीच. सांध्यावर तांबडं पसरलं होतं, त्यातलं कुंकू कुठलं आणि गंज कुठला ते ओळखू येईना. डाव्या हाताने ताणून बघितलं, तरी ती हलली नाही. उजव्या हाताची मूठ तिच्यावर तशीच वळलेली राहिली आणि मग हे खाली बसले.

"भाच्याला फोन लाव," ते म्हणाले.

मी ताईला लावला, तर तिचा बंद. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी ती नागपूरला गेली होती आणि तिथल्या गर्दीत फोन कुठला लागतोय. भाच्याला मी फोन लावलाच नाही. "लागत न्हाई," असं दोन दिवस धडधडीत खोटं बोलले. त्या दोन दिवसांत हे अंगणातल्या लिंबाखालून उठले नाहीत. दोऱ्या कोरड्या पडल्या होत्या, तराफा काठाला होता. मी चिडले, ओरडले, जेवायच्या ताटावरून भांडण काढलं. त्यांच्यावर ओरडताना खरं तर मी घाबरले होते.

तिसऱ्या दिवशी ताई परत आल्याचं कळलं. हे यायला तयार होईनात.

"त्या बाईचा धरम अलग. ती पूजा-बिजा मानत न्हाई. तिला कोणत्या तोंडानं सांगू, तुमी निवडून दिलेली चीज म्या पुजेत सडवली?"

"ह्याच तोंडानं सांगा," मी म्हणाले. "दुसरं कुठून आणता आता?" आणि दंडाला धरून त्यांना जीपमध्ये बसवलं.

ताईच्या घरात नागपूरहून आणलेली पुस्तकं अजून पिशवीतच होती. भिंतीवर बुद्धांची तसबीर. तिने कापड सोडलं, पक्कड नाकाशी नेली.

"मध?"

"मध, दूध, दही, तूप, साखर," हे खाली बघत म्हणाले. "खंडेनवमी होती. तिचे उपकार वाटले, म्हणून…"

मला वाटलं, आता ताई फाडफाड बोलेल. बोलायलाच हवं होतं. पण ती उठून आत गेली, पाणी गरम केलं, त्यात कपडे धुवायची पावडर टाकली आणि पक्कड बुडवली. आम्ही तिघं त्या भांड्याभोवती बसलो. अर्ध्या तासाने तिने ब्रश घेतला. सांध्यातून आधी पिवळं पाणी निघालं, मग लाल, मग तांबूस. ती घासत राहिली, धूत राहिली, मऊ राखेने डाग पुसत राहिली. तिची बोटं इतकी सवयीने चालत होती की मी बघतच राहिले. माझ्या हाताखालून इतके मासे गेले, पण माझी बोटं अशी चालत नाहीत.

"स्टेनलेस म्हंजी गंज लवकर चढत न्हाई," ती मान वर न करता म्हणाली. "चढतच न्हाई, असं न्हाई." पुसून, वाळवून तिने तेलाचा थेंब सोडला, हळूहळू हलवलं, आणखी एक थेंब, आणखी थोडं हलवलं. मग पक्कड टक् करून उघडली. यांच्या तोंडून "आई गं" निघालं.

तेव्हा ताई हसली. हसता हसता तिचे डोळे भरले.

"तीस वर्सं म्या चिमटे-कात्र्या धुतल्या, दगडोबा भाऊ. ऑपरेशन झालं की लोक डॉक्टरच्या पाया पडायचे. बराबरच हाय. पण औजार साफ असलं तर त्याचं नाव कोणी काढत न्हाई. नांदेडला तुमचा हात वाचवला, तवा तिथंबी माझ्यासारख्या कोणीतरी चिमटे धुतलेच असतील. चिमट्या-पकडीपुढं हात जोडणारा माणूस म्या पह्यला तुमीच पाहिला. आन एक थेंब का दोन, असं इचारणाराबी तुमीच. माझं काम मला कोणी इचारलंच नव्हतं कधी."

हे आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. हाताच्या पाठीवर टाक्यांची लांब खूण आहे, तिच्यावरून त्यांनी डाव्या हाताचा अंगठा फिरवला. नांदेडच्या डॉक्टरांना आम्ही हार घातला होता, पेढे दिले होते. त्या दुसऱ्या माणसाचं नाव आम्हाला माहीत नव्हतं, आणि ते विचारायचं आमच्या मनातही आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

हे उठले आणि ताईच्या पायाशी वाकले. ती मागे सरकली. "पाया नका पडू. माझ्याबी नका, तिच्याबी नका. धुवा, पुसा, तोंड उघडं ठेवा. तेच मला पोचतं."

त्याच संध्याकाळी यांनी गळ लावून दोरी पाण्यात सोडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे एकटे तराफ्यावर गेले. पक्कड दोरीने मनगटाला बांधलेली. मी काठावर उभी राहिले. टोपली तयार होती, बाजाराची वेळ होत होती, पण माझा पाय निघेना. त्यांनी गळांची दोरी उचलली. पहिले तीन गळ रिकामे आले. चौथ्याला मासा होता, इतक्या लांबूनही त्याची फडफड दिसली. डावा हात खाली गेला, मग उजवा. उजवा हात वर आला आणि मासा तराफ्यावरच्या टोपलीत पडला. मग पुढचा गळ. मग त्याच्या पुढचा.

मी समोर बसायची ना, तेव्हा मासा आला की हे मान वर करून माझ्याकडे बघायचे. बोलायचे नाहीत, नुसते बघायचे, आणि ते बघणं मला पाण्याच्या भीतीपेक्षा जास्त लागायचं. त्या सकाळी सगळी दोरी संपेपर्यंत त्यांनी एकदाही मान वर केली नाही. मी काठावर आहे हेच ते विसरले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा आपल्याला विसरला म्हणून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. मी तिथेच उभी राहून रडले आणि हात जोडले, करुणाताईला, आणि नांदेडच्या त्या नाव माहीत नसलेल्या माणसाला.

काठाला आल्यावर यांनी सगळ्यात मोठा रोहू उचलून माझ्या टोपलीत वेगळा ठेवला. "हा ताईंला दे. इकू नको." एवढंच बोलले. मग घराकडे न येता पाण्याच्या काठालाच उकिडवे बसले आणि पक्कड घासायला लागले. सांधा घासला, झटकली, धोतराच्या सोग्याने पुसली, तोंड उघडून दगडावर ठेवली आणि तिच्याजवळ राखण बसावं तसे बसून राहिले. मी घरी जाऊन चहा केला होता. तो गार होत होता, तरी मी हाक मारली नाही.